नाना पलीकडच्या क्लबात गेले त्याची हकिगत

आदरणीय दादांना,

साष्टांग नमस्कार. तुमची तब्येत, वहिनींचे गुडघे आणि मुलांचे अभ्यास आपापल्या जागी ठीक असतील असं धरून चालतो. इकडे आम्ही खुशाल आहोत. फक्त आमच्या न्हाव्याने माझी दाढी करणं बंद केलंय आणि माझ्या चष्म्याच्या दुकानात नदीच्या अलीकडचं कुणी पाऊल टाकत नाही. दोन्हीला कारण तुमचे वडील. (तक्रार नव्हे, आपली माहिती.)

तुम्ही आमच्याकडे येता ते घाईघाईत, म्हणून थोडं मुळापासून सांगतो. आमचं गाव जुनं. तटबंदी आहे, बुरूज आहेत, कमानींचा दगडी पूल आहे, आणि या सगळ्याचा उपयोग गावाने एकाच कामासाठी केलाय, क्लब काढायला. बुरुजात तलवारबाजीचा क्लब, कोरड्या खंदकात तिरंदाजीचा, जुन्या तबेल्यात सायकलवाल्यांचा, बेकरीच्या माडीवर टेबल टेनिसचा (तिथला हरवलेला चेंडू बहुतेक वेळा पावात सापडतो). नव्या माणसाला इथे नाव विचारत नाहीत, 'कुठल्या क्लबाचे?' असं विचारतात. नदीवर होड्या वल्हवणाऱ्यांचे दोन क्लब, एक अलीकडचा, एक पलीकडचा. आपण अलीकडचे. आजोबांच्या काळात एक शर्यत झाली. ती कोण जिंकलं यावर अजून एकमत नाही. तेव्हापासून दोन काठांत सोयरीक सोडाच, भर पावसात कुणी कुणाला छत्रीत घेत नाही.

आता नाना. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, तेव्हापासून जवळजवळ बोललेच नव्हते. उभा जन्म नाटकाच्या विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवलेला माणूस. पूर्वी माझा शब्द अडला की माझ्या आधी नानांकडून तो यायचा. आता मी वाक्य अर्धं सोडलं तर ते तसंच लोंबकळत राहायचं. मी मुद्दाम अडखळून पाहिलं. जेवताना 'जरा ते मी...' म्हणून थांबलो. तुमच्या बहिणीने मीठ पुढे केलं, नानांनी मान वर केली नाही. तुम्हाला फोनवर 'नाना बरे आहेत' असं आम्ही सांगत होतो, ते खोटं होतं.

याच सुमारास आमच्या क्लबाचा सुकाणूवाला इतका सुटला की तो बसला की होडीचं नाक आभाळाकडे जायचं. हे काम हलक्या अंगाच्या माणसाचं. होडीच्या शेपटाशी बसायचं, दोरी ओढून सुकाणू वळवायचं आणि आम्हा वल्हवणाऱ्यांना ओरडून ताल द्यायचा (आमची पाठ पुढे असते, कुठे चाललोय ते त्यालाच दिसतं). मी नानांचं नाव सुचवलं. नाना काही बोलले नाहीत, ते समितीने होकार म्हणून घेतलं. त्यांच्या डोक्यावर क्लबाची लाल टोपी चढवली, आणि हा माणूस ओरडणार कसा हा विचार कुणालाच सुचला नाही. मलासुद्धा नाही, आणि मी तर त्यांचा जावई.

शर्यतीच्या दिवशी दोन्ही काठ माणसांनी फुलले होते. पुलाची मधली कमान अरुंद, तिच्यात जो आधी घुसला तो निम्मा जिंकला. दोन्ही होड्या बरोबरीने कमानीशी आल्या. नानांना धोका दिसला. ते म्हणाले, 'थांबा.' पण कसे म्हणाले? विंगेतून म्हणतात तसे! नटाला ऐकू जावं आणि प्रेक्षकाला जाऊ नये, असं. अगदी समोर बसलेल्या मला ऐकू आलं, मी थांबलो. मागच्यांना आलं नाही, ते वल्हवत राहिले. माझं वल्हं मागे बसलेल्या न्हाव्याच्या पोटात गेलं, होडी कमानीत आडवी झाली, आणि पलीकडची होडी आमच्या बरगडीवर येऊन बसली. दोन्ही उलटल्या.

नशिबाने पाणी कमरेइतकंच. पलीकडच्या होडीचं सुकाणू होतं दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या हाती. (विधवा, नानांपेक्षा थोड्या लहान, आणि आवाज असा की भूल न देताही दात निघावा.) बाई निथळत उभ्या राहिल्या आणि त्यांनी नानांना फैलावर घेतलं.

"तुम्हाला लाज वाटत नाही? भर शर्यतीत होडी आडवी घालता? हा निव्वळ... निव्वळ..."

रागाने त्यांना शब्दच सापडेना. सगळी नदी थांबली होती.

"हलगर्जीपणा," नाना म्हणाले.

"हो, हलगर्जीपणा! आणि वर तोंडातून ब्र काढत नाही. असल्या माणसाला होडीत बसवणं म्हणजे शुद्ध..."

"अविचार."

"अविचार!" बाई कडाडल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्या नानांकडे बघत राहिल्या. मग त्यांना हसू आलं. हसता हसता त्या पुन्हा पाण्यात बसल्या, आणि नानांनी हात दिला. दादा, मी गळ्यात शेवाळ घेऊन उभा होतो, न्हावी पोट धरून मला शिव्या देत होता, आणि मला रडू येत होतं. पाण्यात कुणाला कळलं नाही.

त्यानंतर नाना रोज संध्याकाळी पूल ओलांडून जायला लागले. 'दात दाखवायला जातो,' म्हणायचे. (त्यांना वरखाली दोन्हीकडे कवळीच आहे.) आणि एका सकाळी ते चहाला आले तेच मुळी पलीकडच्यांची हिरवी टोपी घालून! तिथे आता ते नव्या लोकांना वल्हवायला शिकवतात, म्हणजे ते हळूच सांगतात आणि बाई ओरडतात.

गावात हलकल्लोळ झाला. न्हाव्याच्या दुकानात आमच्या समितीची सभा भरली आणि नानांचं नाव क्लबातून काढा असा ठराव आला. मी उठलो आणि म्हणालो, "नानांना काढायचं तर आधी मला काढा." यावर कुणीतरी 'नको, नको' म्हणेल अशी माझी अपेक्षा होती. कुणी म्हणालं नाही. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, याला काढलं तर वल्हं मारायला माणूस उरत नाही. म्हणून मला ठेवलं आणि माझी दाढी बंद केली. सध्या मी घरीच करतो. हनुवटीवर त्याच्या खुणा आहेत.

बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
जावईबुवा

ता. क.: मुख्य राहिलंच. रविवारी नाना तुम्हाला फोन करतील. नदीच्या पाण्याबद्दल बरंच बोलतील, ते ऐकून घ्या. त्यात मध्येच कुठेतरी ते सांगतील की त्यांना आणि डॉक्टरीणबाईंना लग्न करायचंय. त्यांना साऱ्या जगात तुमचीच भीती वाटते, कारण तुमचा चेहरा आईंसारखा आहे. कृपा करून आधी आश्चर्य वाटल्यासारखं करा आणि मग हो म्हणा.

ता. क. २: दादा, हे अक्षर माझं, तुझ्या बहिणीचं. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. ह्यांनी एक गोष्ट लिहिलेलीच नाही. लग्नानंतर नाना पलीकडे राहायला जाणार, बाईंचा दवाखाना तिथेच आहे. जावयाला सासऱ्याची अडचण होते म्हणतात, इथे उलटंच झालंय. सकाळपासून हे नानांच्या खोलीतल्या खिडकीची कडी दुरुस्त करताहेत. कडी चांगली आहे. तेव्हा नानांना फोनवर हो म्हण, पण तू स्वतः ये आणि चार दिवस ह्यांच्याजवळ राहा. शिवाय आमच्या होडीत सुकाणूची जागा रिकामी आहे, आणि तुझं वजन मी समितीला बरंच कमी करून सांगितलंय.