डावी बाजू डॉक्टरची

२ मार्च
आजपासून दवाखान्याला शिस्त. सासरेबुवा महिनाअखेर निवृत्त होणार आणि दवाखाना दोघांपैकी एकाच्या हाती देणार. मी किंवा बायको. दोघंही दातांचे डॉक्टर, पण तिच्याकडे नुसते पेशंट आहेत, माझ्याकडे व्हिजन आहे. प्रत्येक कामाची ठरलेली पद्धत सांगणारं मॅन्युअल लिहायला घेतलं. सासरेबुवांनी इतकी वर्षं 'आ करा, बघू' एवढ्यावर निभावलं. म्हणे कुणाचं काही बिघडलं नाही. नशीब, दुसरं काय.

५ मार्च
मुखपृष्ठ तयार. अक्षरांचा रंग ठरवण्यात दुपार गेली. बाहेर पेशंट खोळंबले होते, ते बायकोने पाहिले. तिला त्यातच धन्यता.

९ मार्च
नुसत्या हात धुण्यावर अकरा पानं झाली. बायकोला वाचून दाखवली. आल्यापासून तू स्वतः हात धुतलेस का, असं विचारते. मी अजून लेखनाच्या टप्प्यात आहे, हे तिला कोण सांगणार.

१४ मार्च
क्रांतिकारी सुधारणा. इथे सगळे डावं-उजवं पेशंटच्या बाजूने सांगतात. त्याची डावी दाढ समोर उभ्या असलेल्या मला उजवीकडे दिसते. राबायचं मी आणि बाजू त्याची? नियम घातला: यापुढे डावी म्हणजे डॉक्टरची डावी. बायको म्हणाली, दाढ पेशंटची तर बाजूही त्याचीच, जगभर असंच चालतं, आणि मध्येच बदललंस तर कुणाची तरी भलतीच दाढ निघेल. जग चुकलं तर मी काय करू?

१८ मार्च
स्टाफ मीटिंग. नवं कलम: उपचार चालू असताना पेशंटच्या हूं-हूंकडे लक्ष देऊ नये, वेळ जातो. एकमताने मंजूर. म्हणजे कोणी वर बघितलं नाही.

२३ मार्च
सुवर्णसंधी! सासरेबुवांची दाढ ठणकतेय. बायकोने तपासून चिठ्ठी लिहिली: खालची डावी, शेवटची, काढावी. तीच काढणार होती. मी म्हटलं, बाबा, उद्या मी काढतो, मॅन्युअल कसं चालतं ते स्वतःच बघा. ते म्हणाले, बघतो, आणि मग दवाखान्याचंही ठरवून टाकतो. नंतर बायको म्हणाली, काढ, पण आधी नीट विचार त्यांना. हरलेली माणसं असंच बोलतात.

२४ मार्च, सकाळी
इस्त्रीचा कोट. हात धुतले.

२४ मार्च, दुपारी
सगळं मॅन्युअलबरहुकूम. चिठ्ठीत डावी, म्हणून माझी डावी धरली. भुलीची सुई टोचताच सासरेबुवा हातवारे करायला लागले. मला वाटलं, आशीर्वाद देताहेत. हूं-हूंही बरंच केलं, पण कलम ते कलम. दाढ काय सुरेख निघाली! पांढरीशुभ्र, कीड नावाला नाही. एवढी चांगली दाढ कशाला काढायची, असं मनात येतंय तोवर बायको आत आली.

२४ मार्च, संध्याकाळी
पद्धतीत चूक नाही, हे आधी नोंदवतो. चिठ्ठीच जुन्या वळणाची होती. दुखरी दाढ नंतर बायकोने काढली. दोन्ही बाजूंना भूल असल्यामुळे सासरेबुवांना बोलता आलं नाही. त्यांनी कागदावर लिहून दिलं. ते इथे उतरवत नाही.

३१ मार्च
दवाखाना बायकोच्या हाती गेला. सुटलो. आता दुसऱ्या आवृत्तीला वेळ मिळेल. तिने मात्र एकच नियम केला आणि मोठ्या अक्षरात, खाली स्वतःचं नाव घालून, माझ्या खोलीच्या भिंतीवर लावला: 'दात काढण्याआधी मला बोलवावं.' याला काय मॅन्युअल म्हणतात? ना मुखपृष्ठ, ना प्रस्तावना.

पण लोक पाळतात. आज एक आजोबा आले. खुर्चीत टेकले, भिंत वाचली आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. मी 'आ करा' म्हटलं, गोड बोललो, माझं मॅन्युअलसुद्धा दाखवलं. ते मान हलवत राहिले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. शेवटी मीच तिला हाक मारली.