माउसला परवानगी नाही

आदरणीय असानकुल मामांना,

झिपारचा सलाम. तुम्ही, मामी आणि मुलं खुशाल असाल, घोडी व्याली असेल (शिंगरू नर की मादी ते मामींनी कळवलंच नाही), आणि डोंगरावरून वारा सुटला तरी मामींचा गुडघा दुखत नसेल, अशी आशा आहे. इकडे माणसं-जनावरं सुखरूप आहेत. फक्त लॅपटॉप झोपला होता.

सविस्तर लिहिते, कारण अर्धवट कानावर आलं तर तुमचा माझ्याबद्दल गैरसमज होईल. आमच्या कुरण समितीचा नवा लॅपटॉप नोंदवहीत जुमाकादिर साहेबांच्या नावावर आहे आणि बिनतारी माउस माझ्या. (सही करताना मी दोनदा वाचलं: माउस एक, काळा, सेलसकट.) जी वस्तू ज्याच्या सहीची, तिला त्यानेच हात लावायचा, ही आमच्या ऑफिसची रीत. त्यामुळे रोज सकाळी साहेब बटण दाबून लॅपटॉप उघडून देतात, आणि ते समोर बसलेले असेपर्यंत मी टाइप करते.

गुरुवारी पाचच्या आत बेचाळीस कुटुंबांची यादी प्रांताच्या कचेरीत पोचायला हवी होती. नाही पोचली तर या उन्हाळ्यात एकाही मेंढीला वरच्या कुरणावर जाता येणार नव्हतं. सतराव्या ओळीत बाबांचं नाव. घरात शिकलेली मी पहिलीच, म्हणून बाबा गावभर सांगत सुटलेले, की यंदा यादी माझ्या पोरीच्या हातात आहे. हातात फक्त माउस होता.

यादी तयार झाली, पाठवायचं तेवढं राहिलं, इतक्यात साहेबांच्या सुनेने मटण-शेवयांचं पातेलंभर बेशबार्माक धाडलं. जेवून साहेब शेजारच्या खोलीत कोचावर आडवे झाले, आणि इकडे लॅपटॉपनेही डोळे मिटले. मी माउस हलवला. टेबलावर हलवला, वहीवर हलवला, सोनुनताईंच्या (आमच्या हिशेबनीस) शालीवर हलवला. त्या म्हणाल्या, गारठलाय बिचारा, आणि त्यांनी तो दहा मिनिटं काखेत धरला. मग वॉचमन कुबात म्हणाला, सेल संपलेत. नवे सेल मागायला अर्ज लागतो, अर्जावर साहेबांची सही लागते, म्हणून त्याने भिंतीवरच्या घड्याळातले काढून घातले. माउसखालचा लाल दिवा लागला. लॅपटॉप ढिम्म. आम्ही मात्र निश्चिंत, कारण घड्याळात तीन दहाच वाजले होते. (बऱ्याच वेळाने पाहिलं, तरी तीन दहाच.)

शेवटी मी प्रांताच्या तंत्रज्ञाला फोन केला. तो म्हणाला, "बाई, माउस चांगला आहे. लॅपटॉपला जागं करायची परवानगी त्याला दिलेली नाही. आत एक चौकट आहे, तिथे खूण करा."

मी विचारलं, चौकट कुठे दिसेल.

"लॅपटॉप जागा झाला की."

किती वाजले तेही त्यानेच सांगितलं. पाचला सहा मिनिटं कमी. साहेबांना उठवावं म्हटलं, तर सोनुनताईंनी दार अडवलं. "झोपलेल्या वडीलधाऱ्याला उठवतात होय गं? विचारून तरी उठव." कोणाला विचारायचं, ते त्यांनाही सांगता येईना.

मामा, मी करंगळीने लॅपटॉपचं बटण दाबलं. यादी गेली. साहेब उठून आले, उघडा लॅपटॉप पाहून म्हणाले, "कोणी उठवला याला?"

मी म्हटलं, "माउसने."

तुमची भाची,
झिपार

ता. क. सोमवारी प्रांतातून पाहुणे येताहेत. माउस लॅपटॉपला कसा उठवतो, हे साहेब त्यांना स्वतः करून दाखवणार आहेत. तुम्हाला यातलं कळतं. तेव्हा रविवारी येऊन त्या चौकटीत खूण करून द्याल का? पत्र त्यासाठीच. (लॅपटॉपला तुम्ही हात लावण्याचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. साहेब जागे सापडले की देते.)

ता. क. २. आत्ताच बाबांचा फोन आला. यादी वेळेत गेली हे मी अभिमानाने सांगितलं, तर म्हणाले, "यादीचं काय घेऊन बसलीस? आम्ही सगळे मंगळवारीच मेंढ्या घेऊन वरच्या कुरणावर आलो." मी विचारलं, कोणाच्या परवानगीने. म्हणाले, "गवत वाढलं होतं, पोरी."