आपली निळी चालू झाली

मुलुंड (पूर्व)
१२ जानेवारी २०२५

प्रिय सिद्धेश,

जय भीम. तू बरा असशील असं धरून चालते. आम्ही मजेत. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता कठडा न धरता जिना उतरतात आणि शेजाऱ्यांना दिसावं म्हणून दिवसातून चार वेळा उतरतात. मी कंपन्यांच्या ड्रायव्हरांना सुरक्षित गाडी चालवायला शिकवते. रॅलीत अधूनमधून कुणा ना कुणा ड्रायव्हरच्या शेजारी बसते, पुढच्या वळणांच्या नोट्स वाचून दाखवते. केस अर्धे पांढरे झालेत, रंगवत नाही.

तुझं पत्र मला नऊ वर्षांपूर्वी मिळालं होतं. मी उत्तर दिलं नाही. त्याचं पुढे बघू. आधी बातमी, कारण ती वाचून तू हातातलं काम खाली ठेवशील.

आपली निळी चालू झाली!

खोटं नाही सांगत. अपघातानंतर अंधेरीला धाकू मेस्त्रींच्या गॅरेजात मागच्या भिंतीला लावून ठेवली होती ना, ताडपत्री टाकून, तिथेच होती इतकी वर्षं. गाडी जुहूच्या शेठची, त्यांना ती विकवतही नव्हती आणि बघवतही नव्हती. शेवटी बोरिवलीचा ओजस म्हणून एक आहे, तिशीतला, बँकेसाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्याने मागे लागून घेतली. दोन वर्षं तो आणि मेस्त्री तिच्यावर बसले होते. पुढचा उजवा कोपरा सगळा नवा. इंजिन उतरवून पुन्हा बांधलं. रंग मात्र तोच ठेवला, आणि डॅशबोर्डवरचा तो स्वस्तातला करडा प्लॅस्टिकपण.

मी ओजसला विचारलं, "नव्व्याण्णव सालची जपानी इम्प्रेझा. स्क्रीन नाही, कॅमेरा नाही, एसी म्हणजे नुसता वारा. दारात एक नवी गाडी उभी आहे तुझ्या. ही कशाला रे?"

तो म्हणाला, "मॅडम, त्या नव्या गाडीला माझी गरजच नाहीये. मी चुकलो की ती गुपचूप सावरते आणि मला कळूपण देत नाही. ही सावरत नाही. हिच्यात बसलं की मीच चालवतो."

मग त्याने चावी माझ्या हातात दिली.

सिद्धेश, विचार कर. त्या गाडीत मी किती किलोमीटर बसले असेन, पण कायम डावीकडे. उजव्या सीटवर आयुष्यात पहिल्यांदा बसले. क्लच दाबला तर मांडीला कळ आली. तू दिवसभर हा दाबायचास आणि संध्याकाळी वर माझी बॅगपण उचलायचास. इंजिन सुरू केलं आणि ती धडधड आली, एकसारखी नाही, जरा अडखळत येणारी. मेस्त्री हातातला पाना तसाच धरून उभे राहिले. मीपण दोन मिनिटं गिअर टाकला नाही.

ओजस डावीकडे बसला आणि मी मरोळवरून आरेत शिरले. स्टिअरिंगमधून रस्ता हाताला लागतो असं तू म्हणायचास, तेव्हा मला ते बढाई वाटायचं. खरंच लागतो रे. डांबर कुठे संपलं, खडी कुठे सुरू झाली, हे डोळ्यांच्या आधी तळहाताला कळतं. पाय दिला की आधी काहीच होत नाही, तू मनात एक-दोन म्हणतोस, आणि मग कुणीतरी पाठीत हात घालून पुढे ढकलावं तशी निघते. एका वळणावर कुणीतरी रेती सांडून ठेवली होती. दुसरी गाडी असती तर शेपूट सरकलं असतं. ही चारही चाकांनी जमीन धरून बसली आणि मला बाहेर ओढून घेऊन गेली. मी चाळीस-पन्नासवरच होते, पण अंगावर काटा आला.

आणि दिसायला काय, तर चार दरवाज्यांची साधी गाडी! गोरेगावला सिग्नलवर शेजारच्या रिक्षातल्या काकूंनी ढुंकूनही बघितलं नाही. मला तेच जास्त आवडलं. मागे डिकीत आठवड्याची भाजी मावेल, आणि पुढे हे जनावर.

ओजसने त्याच सिग्नलला विचारलं, "मॅडम, अपघात नेमका झाला कसा? सगळे म्हणतात, सिद्धेश सर त्या दिवशी जरा जास्तच जोशात होते."

मी म्हटलं, "आधी हा सिग्नल सुटू दे."

सिग्नल सुटला. मी दुसरंच काहीतरी बोलत राहिले.

असो. खूप लिहिलं. तुझ्या आईकडे जाऊन तुझा देवगडचा पत्ता घेतला, काकींचा राग नाही ना येणार तुला? फोन नंबर त्यांनी दिला नाही आणि मीही मागितला नाही. बर्फाचा टेम्पो चालवतोस असं कळलं. तब्येत सांभाळ.

तुझी,
चेतना

*

मुलुंड (पूर्व)
२७ जानेवारी २०२५

प्रिय सिद्धेश,

जय भीम. पहिलं पत्र पोचलं असेल. त्यात मी गाडीबद्दल जे लिहिलं ते सगळं खरं आहे. पण ते मी कशासाठी लिहिलं, ते लिहिलं नाही.

पत्ता घ्यायला भटवाडीत गेले होते, तेव्हा काकींनी मला बसवून घेतलं. आंबोळ्या केल्या. तुझा विषय मी काढला नव्हता, त्यांनीच काढला.

"तो घाटार गाडी नेना नाय गो बाय," त्या म्हणाल्या. "बर्फ वितळलो तरी चाळीसच्या वर जाणा नाय. म्हणता, माझे कान माका फसवतत. चेतनान एक सांगल्यान नि मी दुसराच आयकलंय. तुझो जीव जातलो होतो म्हणता, माझ्या पायी."

मी हातातली आंबोळी ताटात ठेवली. पाणी पिऊन उठले. तिथेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. घरी येऊन तुला गाडीचं कौतुक लिहीत बसले.

काल सव्वीस जानेवारी. गोरेगावला, फिल्म स्टुडिओंच्या रस्त्याजवळच्या मैदानात, जुन्या जपानी गाड्यावाल्यांचा मेळावा होता. सकाळी झेंडावंदन, मग वडापाव, मग बॉनेट उघडून गप्पा. तीसेक गाड्या असतील. दातांची एक डॉक्टर तिची लाल इव्हो गाडी घेऊन आली होती. मागच्या सीटवर मुलांची दप्तरं, खाली चुरमुरे सांडलेले. ती म्हणाली, "आठवडाभर ही शाळेला जाते, रविवारी मी तिला घाटात घेऊन जाते. दोन गाड्या कशाला पाळायच्या?" एक निवृत्त पोस्टमन नुसते आवाज ऐकायला आले होते. डोळे मिटून ओळखत होते, ही अमुक, ती तमुक. अशी माणसं आहेत रे अजून. तू तिथे असायला हवा होतास.

आपल्या निळीभोवती सगळ्यात मोठा घोळका. ओजस खुशीत होता. बिचारा मनात काही न ठेवता सांगत होता, "ही सिद्धेश सरांची रॅली कार. दोन हजार पंधरा, इगतपुरीच्या पलीकडे, मातीचा रस्ता. शेवटच्या टप्प्यात आघाडीवर होते. ड्रायव्हरची चूक झाली आणि..."

मी म्हटलं, "ओजस, थांब. चूक ड्रायव्हरची नव्हती. माझी होती."

तो हसला. त्याला वाटलं मी तुझी बाजू घेतेय. मग माझा चेहरा बघून त्याने बॉनेटवरचा हात काढला.

मी सगळं सांगितलं. नवे लोक होते, म्हणून आधी नोट्समधले वळणांचे आकडे समजावले, की टू म्हणजे वळण इतकं आवळलेलं की जवळजवळ थांबूनच घ्यायचं, आणि फाइव्ह म्हणजे पाय न काढता जायचं. आणि ड्रायव्हरला पुढचं दिसत नसतं, तो शेजारच्याच्या तोंडावर विश्वास ठेवून जातो. मग म्हटलं, त्या उंचवट्यापलीकडे राइट टू होतं, आणि बाहेरच्या बाजूला मोरीची भिंत. वहीची दोन पानं ओलीने चिकटली होती, मी दोन्ही एकदम उलटली. मी वाचलं, राइट फाइव्ह.

तू फाइव्ह ऐकलंस, कारण मी फाइव्ह म्हटलं.

हे वाक्य मला कुणी विचारलं तेव्हा एका क्षणात म्हणता आलं असतं. नाशिकच्या हॉस्पिटलात तुझा खांदा बांधलेला, तू शुद्धीवर येऊन पहिला प्रश्न मलाच विचारलास. "चेतना, काय वाचलंस तू?" मी म्हटलं, "राइट टू." तू म्हणालास, "मग मला फाइव्ह कसं ऐकू आलं?" मी म्हटलं, "आराम कर."

मी घाबरले होते, हे कारण पुरत नाही. घाबरलेला माणूस दोन दिवसांनी खरं बोलतो. चौकशी झाली, तू स्वतःहून चूक कबूल केलीस, मी शेजारी बसून मान हलवली. तुझी पुढच्या वर्षाची टीम गेली. मला मात्र लोकांनी धीराची म्हटलं. दुसऱ्यांच्या शेजारी बसून मी चषक मिळवले. आणि तू त्या पत्रात लिहिलंस, "माफ कर, मी तुझा जीव घेतला असता." मी ते वाचून घडी घालून पुस्तकांमागे ठेवलं. नऊ वर्षं पुस्तकं झाडताना तेवढं टोक सोडून झाडते.

पोस्टमन काकांनी चष्मा पुसला. एक जण उठून निघून गेला, तो बरोबरच होता. धाकू मेस्त्री जवळ आले आणि म्हणाले, "ती गाडी रोज बघून मी पोराला शिव्या घातल्या. नऊ वर्षं. त्याची शिकवणी माझी होती ना, म्हणून जास्तच." मग ते वळून गॅरेजच्या जीपमध्ये जाऊन बसले. मला सोबत घेऊन आले होते, पण परत मी रिक्षाने आले.

आज सकाळी रॅली भरवणाऱ्या क्लबला सहीनिशी लेखी दिलंय. त्या वेळच्या चौकशीचा निकाल बदलावा, आणि माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी. त्याची झेरॉक्स सोबत जोडलीय. ते तुला तोंडावर किंवा फोनवर सांगता आलं असतं, पण मग तू "जाऊ दे गं" म्हटलं असतंस. तू म्हणतोसच. मला ते इतक्या सहज नको होतं.

माफी मागण्यासारखं मी काही ठेवलेलं नाही, म्हणून मागत नाही.

चेतना

*

मुलुंड (पूर्व)
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय सिद्धेश,

तुझं कार्ड काल मिळालं. एकच ओळ आहे. "म्हणजे मी फाइव्हच ऐकलं होतं?" शेवटच्या प्रश्नचिन्हावर तू पेन दोनदा फिरवलंयस.

हो. फाइव्हच. स्पष्ट, मोठ्याने, हेल्मेटच्या माइकमधून. तू एकदाही चुकीचं ऐकलं नाहीस, त्या दिवशी नाही आणि त्याच्या आधीच्या कुठल्याच रॅलीत नाही. मी शेजारी होते, मला माहीत आहे. तुझ्या खांद्याचं काय झालं ते एक्स-रेत दिसलं. तुझ्या कानांचं जे झालं ते मी केलं.

आता इकडचं. क्लबने निकाल दुरुस्त केला, ते पत्र तुला वेगळं येईल. मला तीन वर्षं बंदी. कमी वाटली, पण त्यांचं त्यांना. मी शिकवते त्या कंपनीत मी स्वतःच सांगितलं. साहेब म्हणाले, "राहा, पण हे पोरांना सांगायचं." मंगळवारी बावीस ड्रायव्हरांसमोर सांगितलं. एकाने विचारलं, "मॅडम, नऊ वर्षं झोप कशी लागली?" मी म्हटलं, "चांगली लागली. तेच वाईट आहे."

काकींकडे गेले होते. दार उघडलं, आत घेतलं नाही. "माझ्या झिलाची नव वर्सां खाल्लंस गो," म्हणाल्या. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी आतून पाण्याचा तांब्या आणून दिला आणि दार लावून घेतलं. त्यांनी दार उघडावं म्हणून मी पुन्हा जाणार आहे. उघडलं नाही तरी जाणार आहे.

ओजस आणि धाकू मेस्त्री होळीच्या आधी निळी घेऊन देवगडला येतायत. ओजसचा हट्ट आहे की घाट तू चढवायचास. मेस्त्रींनी क्लच बदललाय, पूर्वीपेक्षा जड आहे, तुला आवडेल. ते तुला काही बोलणार नाहीत, नुसते शेजारी बसतील. तूही काही बोलू नकोस. नुसतं चालव.

मी येत नाहीये. तुझ्या डावीकडच्या सीटवर बसायचा माझा हक्क मी इगतपुरीलाच घालवला. तू कधी मला बोलावलंस तर मी मागच्या सीटवर बसेन आणि तोंड उघडणार नाही. नाही बोलावलंस तरी या पत्राच्या बदल्यात तू मला काही देणं लागत नाहीस, उत्तरही नाही.

आणखी एक. तू लिहिलं होतंस की तू माझा जीव घेतला असतास. उलट झालं, सिद्धेश. ऐनवेळी भिंत दिसल्यावर तू स्टिअरिंग झटक्यात डावीकडे फिरवलंस आणि उजवा कोपरा भिंतीवर घेतलास, तुझ्या बाजूचा. मला खरचटलंसुद्धा नाही. हेही मी चौकशीत सांगितलं नव्हतं. आता लेखी दिलंय.

तुझ्यामुळे जिवंत असलेली,
चेतना