यंदा बाळंतपण घरीच

३ जानेवारी
अन्नम्मा सिस्टर कबूल झाल्या. तोंडाने 'देखेगा' एवढंच म्हणाल्या, पण लगेच काय काय लागेल ते सांगायला बसल्या, म्हणजे झालंच. नोकरीभर बाळंतपणंच केली त्यांनी, आता रिटायर होऊन इंद्रपुरीत राहतात. अटी दोन. दारात गाडी हवी. आणि शेवटच्या तपासणीत बाळाचं डोकं खाली हवं. "उल्टा बच्चा हम घर में नहीं करेगा. फिर तुम रोने का नहीं."
मी कशाला रडतेय.

४ जानेवारी
अरविंदचं एकच पालुपद. दवाखाना हाकेच्या अंतरावर, तोही कंपनीचा, मग हा खटाटोप कशाला? मी म्हटलं, चित्राच्या वेळचं आठव. माहेरगावच्या हॉस्पिटलात ती जन्मली, रडली, ते मी ऐकलं, आणि नर्स तिला गुंडाळून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हातात दिली. तोवर शेजारच्या खाटेवरच्या बाईची आई तिला बघून आली होती. मला सांगते, 'नाक छान आहे हो तुमच्या मुलीचं.' परक्या बाईने माझ्या मुलीचं तोंड माझ्या आधी पाहिलं. पाच वर्षं झाली, राग अजून गेला नाही.
या वेळी पहिलं तोंड मी बघणार.
अरविंद कागद-पेन घेऊन बसला. मग म्हणाला, "मेणकापड किती लागेल?" बरा आहे नवरा.

७ जानेवारी
सासूबाई आल्या वाईहून. बरोबर तांब्याचा बंब! स्टेशनवर हमालाने दोनदा विचारलं म्हणे, माताजी इसमें क्या है. शिवाय डिंक, खारीक, अळीव, बाळंतशोपा, वेखंड, आणि एक भला मोठा जायफळाचा पुडा. भोपाळमध्ये जायफळ मिळत नाही अशी त्यांची समजूत.
घरीच करायचं म्हटल्यावर एका शब्दाने विरोध नाही. उलट खुशीत. माझी सगळी घरातच झाली म्हणाल्या.
मधली खोली ठरली. बाज खिडकीपासून लांब, दाराजवळ टेबल. अरविंदने खोलीचा नकाशा काढून भिंतीला लावलाय. सासूबाईंनी तो बघितला, आणि बाज त्यांना हवी तिथे सरकवली.

१० जानेवारी
बाळुती, दुपट्यांसाठी कापड. न्यू मार्केटमधून नवीन पांढरं कापड आणावं असा माझा बेत. सासूबाईंनी हाणून पाडला. बाळ यायच्या आधी नवीन काही घरात येत नाही. जुनंच हवं, वापरून मऊ झालेलं, तेही लेकुरवाळीच्या घरचं. आमच्या घरातल्या जुन्या साड्या किती पुरणार? आमच्या कॉलनीत मराठी घरं चार आणि बाकी सगळा भारत.
मग सुचलं. संक्रांतीचं हळदीकुंकू आहेच. सगळ्यांना सांगून ठेवलं, येताना एक एक जुनं धोतर नाहीतर साडी आणा.

१५ जानेवारी
हळदीकुंकू झालं. दर वर्षी वाण देते, यंदा दिलं कमी, घेतलं जास्त. ओटी भरायच्या जागी गाठोडंच भरलं. बंगाली तांतची साडी, मल्याळी मुंडू, ओरिसाची चादर. हसून हसून पोट दुखलं, म्हणजे आहे तेवढं पोट.
एक कुरबूर झाली. शेजारच्या सक्सेना भाभींनी सक्सेनाजींचं जुनं धोतर आणलं, इतकं मऊ की हातातून सुळकन निसटतं. सासूबाईंनी ते घेतलं आणि वेगळं ठेवलं. भाभींना मूल नाही. भाभींनी बघितलं, तिळगूळ घेऊन गेल्या. मला इतकं वाईट वाटलं.
सगळ्या गेल्यावर मी सासूबाईंना म्हटलं, "दारात गाडी त्यांची उभी राहणार आहे. गाडी चालते, मग धोतर का नाही?"
त्या रागावल्या असं वाटलं. संध्याकाळी बघते तर धोतर गाठोड्यात, सगळ्यात वर.

१७ जानेवारी
कापडं उकळायची, वाळवायची, मग पुरचुंड्या बांधून कुकरमध्ये वाफवायची. सिस्टरांचा हुकूम. दोरा आणि कात्रीसुद्धा. सकाळपासून शिट्ट्या. सक्सेनाजींनी भिंतीवरून विचारलं, भाभीजी, बारात आ रही है क्या.
अंथरायला वर्तमानपत्रं लागतात, कडक इस्त्री केलेली. उष्णतेने जंतू मरतात. अरविंद रविवारी बसून इस्त्री करत होता. चित्राने विचारलं, बाबा कामावर पेपर घालून जाणार का.
डबे भरले. स्पिरिट, कापूस, नवीन पात्याचं पाकीट, साबण. नळ सकाळी आणि संध्याकाळीच येतो, म्हणून मोरीत पिंप कायम भरलेलं.
खूप बरं वाटतंय. असं वाटतं की आत्ता आलं तरी चालेल.

१८ जानेवारी
शेगडीवरून सिस्टर आणि सासूबाई समोरासमोर. सिस्टर खोली बघायला आल्या होत्या. सासूबाईंचं म्हणणं बाजेखाली शेगडी, वर ओवा-शेपांची धुरी, दारं-खिडक्या बंद, थंडीचे दिवस. सिस्टर म्हणाल्या बंद खोलीत कोळसा नाही, आई आणि बच्चा दोन्ही घुसमटून मरेगा. एकीला हिंदी येत नाही, दुसरीला मराठी. मी मध्ये. शेवटी कोळसे अंगणात लाल होईपर्यंत फुलवायचे, धूर सगळा बाहेर, आणि खिडकीची एक फळी उघडी ठेवूनच शेगडी आत आणायची. ओवा चिमूटभर. दोघींनीही आपणच जिंकलो असं मानलं.

२० जानेवारी
आज गंमत की काय म्हणू.
जेवणाच्या सुट्टीत अरविंदच्या कारखान्यातले पाचजण टेंपो घेऊन दारात. पाळणा! पाइप वाकवून, वेल्डिंग करून, हिरवा रंग दिलेला. रंग मशीनचा, ओळखू येतो. दांड्याला बॉल बेअरिंग. एकाने झुलवून दाखवला, "एकदम स्मूथ है, माताजी."
सासूबाई पांढऱ्याफटक. बाळाआधी पाळणा घरात, आणि वर रिकामा झुलवला. त्या माणसांचे चेहरे बघवेनात, महिनाभर खपले होते बिचारे. परत न्या म्हणायची सोय नाही. अरविंद दरवाज्यात मठ्ठासारखा उभा. पाळणा बनतोय हे त्याला ठाऊक होतं, पण घरी बोलला नाही. घरात पाळण्याचा नियम असतो हे त्या कारखान्यात कुणाला सुचलं असतं?
सासूबाई आत गेल्या. वरवंटा धुऊन, पुसून, फडक्यात गुंडाळून आणला आणि पाळण्यात ठेवला. बारशाला आधी तोच घालतात ना. "आता रिकामा नाही," म्हणाल्या. सगळ्यांना चहा दिला.
घरात चटणी बंद. चित्रा वरवंट्याला झोके देते.

२२ जानेवारी
सिस्टर तपासायला आल्या. आधी पाळण्यात डोकावल्या. "ये कौन?" सासूबाई म्हणाल्या, "अभी तो येईच है." सिस्टर इतक्या हसल्या.
मग माझ्या पोटावर हात. इकडून, तिकडून, पुन्हा इकडून. हसू गेलं.
डोकं वर आहे. बरगडीखाली जे टणक लागतं, मी ढुंगण समजत होते, ते डोकं.
पुढच्या शनिवारी परत बघतील. तोवर फिरलं तर ठीक, नाहीतर दवाखाना. सकाळ-संध्याकाळ गुडघे आणि छाती जमिनीला टेकवून, कंबर वर करून राहायचं. कधी कधी फिरतात म्हणाल्या.
फिरेल. माझं आहे ते.

२३ जानेवारी
सासूबाई कालपासून पाळण्याकडे बघत नाहीत. बोलल्या असत्या तर मी भांडले असते.

२४ जानेवारी
गुडघे टेकून राहते. चित्रा शेजारी तसंच करते. सासूबाईंनी सिस्टरांनी सांगितलेली तऱ्हा पाहिली आणि म्हणाल्या, हेच की, आम्ही ओणव्याने फरशी पुसायचो. आता फरशीही पुसते. क्वार्टर इतकं स्वच्छ कधी नव्हतं.
भाभी रोज येऊन बसतात. सक्सेनाजींनी आपली शिफ्ट बदलून घेतली, दिवसा घरी राहतात. गाडीचं तोंड फाटकाकडे करून ठेवलंय.

२६ जानेवारी
शाळेतल्या झेंडावंदनाला चित्राला घेऊन अरविंद गेला. घरात आम्ही दोघीच. मी फरशीवर ओणवी, सासूबाई अळीव निवडत. त्या आपण होऊन बोलल्या.
अरविंद पायाळू आहे हे मला माहीत होतं. लहानपणी लोक उसण भरली की त्याची लाथ खायला यायचे, हे तो हसून सांगतो. पुढचं तो सांगत नाही, कारण त्यालाच माहीत नाही.
"पाय आले, मग अडकला," म्हणाल्या. "आला तेव्हा निळा होता. सुईण उलटा धरून थापट्या मारत होती, तरी रडेना. मी त्याचं तोंड बघितलं नाही, सूनबाई. मी भिंतीकडे बघत होते. मग रडला." अळीव निवडणं चालूच. "तेव्हा गाडी नव्हती. असती तर मी धावत गेले असते. तू हट्ट करू नकोस."
पाळण्याचं म्हणाल्या, त्याने काही होत नाही, मला उगीच भीती वाटली.
मी उठून त्यांच्या शेजारी बसले. निवडायला घेतलं.

२७ जानेवारी
दुपारी पडले होते. पोटात एकदम मोठी उलथापालथ. पोट एका बाजूला टेकाडासारखं वर आलं, मग दुसऱ्या बाजूला. अंगाला घाम. मग शांत.
फिरलं! मला शंभर टक्के वाटतंय. लाथा आता वर बसतात.
अरविंद म्हणाला, सिस्टरांना आजच आणू का. त्या आपल्या लेकीकडे गेल्यात, शुक्रवारी येणार. ठीक आहे, शनिवार काय लांब आहे.
सासूबाईंना सांगितलं. 'असेल हो' म्हणाल्या. चटणीसाठी खलबत्ता काढला.

२८ जानेवारी
लाथा वर. नक्की वर. का सकाळची ती कोपरं होती?

२९ जानेवारी, सकाळ
शनिवार उद्या, पण कळा आजच. पहाटे सुरू झाल्या, आता नीट लय धरलीय. अरविंद स्कूटर घेऊन इंद्रपुरीला गेलाय. सिस्टर रात्रीच्या गाडीने आल्या असतील तर.
बंब पेटलाय. बाजेवर मेणकापड, इस्त्रीचे पेपर, वर भाभींचं धोतर. सासूबाई अंगणात कोळसे फुलवताहेत. चित्रा भाभींकडे. खोली अशी तयार आहे की डोळ्यांत पाणी यावं.
मधे उभी राहून बघत होते. आणि एक गोष्ट लख्ख कळली. मला ही खोली नको होती. मला बाळ रडल्याबरोबर बघायचं होतं, एवढंच. ते अरविंदला सांगितलं होतं, पण स्वतःला खोलीच सांगत बसले.
सासूबाईंना हाक मारून म्हटलं, "दवाखान्यात जावं लागलं तर तुम्ही आत यायचं. भांडून यायचं. बाळ कुणी उचलून न्यायला लागलं तर पदर धरायचा त्यांचा."
त्या म्हणाल्या, "पदर कसला धरायचाय. मी दारातच बसेन, मला ओलांडून कोण जातंय बघू."

कळ आली होती. गेली.

स्कूटर वाजली. दोघांचा आवाज आहे. सिस्टर आल्या.
मोरीत हात धुताहेत. आता पोटावर ठेवतील.
ऐक, बाळा. डोकं खाली असेल तर बाजेवर सगळं मांडून ठेवलंय. वर असेल तरी घाबरू नकोस, मी चालत जाऊन गाडीत बसते.