उभी न राहिलेली वासरं

आई, गेल्या महिन्यात माझी गाय व्याली. कालवड झाली, पण जन्मली ती तुझ्या वासरांसारखीच. अंग गरम, डोळे टक्क उघडे, मान उचलून बघायची, पण मागचे पाय काही सावरायचे नाहीत. सडाला तोंड लावलं तरी ओढायचं बळ नाही. मी तिच्याजवळ बसले आणि वेल्ह्याच्या या गोठ्यात मला उत्रोलीचा आपला गोठा दिसायला लागला.

तू वासराला गोणपाटानं चोळते आहेस. पोटाखाली हात घालून उभं करतेस, ते पुन्हा बसतं. चमच्यानं चीक पाजतेस, तो गालावरून ओघळतो. गावात कुणाची गाय अडली की बोलावणं तुलाच यायचं, तुझ्या हाताला यश आहे म्हणायचे. मग आपल्याच गोठ्यात एकामागून एक तीन वासरं गेली आणि बोलावणी बंद झाली. तोंडावर कुणी काही बोललं नाही. शेजारची गाय व्यायला लागली तेव्हा तू पदर खोचून निघालीस, तर शेजारीण दारातच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वैनी, झालंया समदं." गाय आत अजून कण्हत होती. तू घरी आलीस आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसलीस.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. तू पाणी तापवलंस, तेल कोमट केलंस, धुरीची तयारी केलीस, आणि नातीला अंघोळ घालायला बाई मात्र दुसरीच आणलीस. मी विचारलं तर म्हणालीस, "माज्या हाताला यश न्हाई, बाय. लेकराला नगं माजा हात." मी चिडले, रडले, गळ्याची शपथ घातली. पण तुला पटवायला माझ्याकडं होतं तरी काय? वासरं गेली होती हे खरंच होतं. पोर झोपली की तू लांब बसून पदरानं माश्या वारायचीस. नातीला एकदाही मांडीवर न घेता तू गेलीस. आजही ते आठवलं की जीव तुटतो.

तर कालवडीला बघायला जनावरांचा डॉक्टर आला. त्यानं तपासलं, रक्त घेतलं, इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "गाभण असताना गाईला काय घालत होता, ताई?"

"खाचरातला पेंढा न् डोंगरचं गवत. दुसरं काय घालणार?"

"तिथंच आहे बघा. इकडच्या जमिनी पावसानं धुऊन निघालेल्या. सेलेनियम म्हणून असतं, कणभर लागतं, पण तेवढंही चाऱ्यात नसलं की वासराला पोटातच कमी पडतं. मग स्नायूंत जोर येत नाही." हिला टोचलं ते तेच, पुढच्या खेपेला व्यायच्या आधी गाईलाच देऊ म्हणाला, पण मापात, जास्त झालं तर तेच विष. मी त्याला तुझी वासरं सांगितली. तो म्हणाला, "न बघता छातीठोक कसं सांगू? पण लक्षणं हीच." पुढं रक्ताचा रिपोर्ट आला, त्यातही सेलेनियम कमीच निघालं. दुसऱ्या मुलखातली पेंड विकत आणून घालणाऱ्यांची वासरं का जगायची, तेही मला तेव्हा उमगलं. तुझ्या हातांचा काही दोष नव्हता गं.

हे कुठल्या पत्त्यावर पाठवू? इंजेक्शन दिल्यावर दोन दिवसांनी कालवड लटपटत उभी राहिली आणि गाईला लुचायला लागली. घरातले सगळे हसत होते, तुझी नात मोबाईलवर फोटो काढत होती. खरं सांगते, मला आनंद झाला नाही. क्षणभर वाटलं, हीसुद्धा पडूनच राहिली असती तर बरं झालं असतं. तुझं सगळं दुःख एका इंजेक्शनाचं होतं, हे मला कधी कळलं नसतं.