सही जुळत नाही

वरचा मजला, फ्रीगंज, उज्जैन
९ ऑगस्ट २०२४

श्री. भय्यासाहेब पागे, सचिव, शाळा समिती, यांस
सा. न. वि. वि.

सचिवांना लिहिते आहे. भावाला लिहायला आज हात उठत नाही, आणि तसाही तो हल्ली कमीच उठतो.

आज पाचव्या तासाला मोठ्या मॅडमनी मला दहावीच्या वर्गातून बोलावून घेतलं. टेबलावर नारळ, भैरवगढ़ची छापील चादर आणि माझा राजीनामा. सुबक टाइप केलेला, खाली माझी सही. मी नोकरी सोडली हे शाळेत सगळ्यांत शेवटी मला कळलं. सकाळी शिपाईकाका वाकून पाया पडले तेव्हा मला वाटलं, श्रावण आहे म्हणून असेल.

ती सही मी केलेली नाही. 'श्री'ची वेलांटी ऐटदार, 'पागे'तला काना सरळ. अशी सही मला मार्चपासून जमत नाही. जगात ती दोनच माणसांना येते, आणि त्यातलं दुसरं माणूस आत्ता खाली बसून सेव घालून पोहे खातंय.

मे महिन्यात इंदूरला डॉक्टर बोलत होते तेव्हा तुम्ही माझ्या शेजारीच होतात. मोटर न्यूरॉनचा आजार, स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जाणार. आधी उजवा हात, मग पाय, मग बोलणं, शेवटी श्वास. औषधाने थोडं लांबेल, बरं होणार नाही. डोकं बहुधा शाबूत राहील, असंही ते म्हणाले होते. ते तुम्ही ऐकलेलं दिसत नाही.

दहावीची अठ्ठावीस मुलं फेब्रुवारीत बोर्डाला बसतील. आठवीपासून मी त्यांना गणित शिकवते आहे. त्यांची परीक्षा होईपर्यंत मी शाळेत जाणार. हा राजीनामा मागे घ्यावा.

आजपासून तुमच्याशी बोलणं बंद. कामाचं काही असेल तर कागदावर लिहून, सुलूवहिनी माझा डबा वर आणते त्यात चटणीच्या वाटीखाली ठेवावं.

लोभ होता. तो तूर्त स्थगित समजावा.
जयश्री पागे
गणित शिक्षिका (अजून)


खालचा मजला
११ ऑगस्ट २०२४

चि. जयू हिस
अनेक उत्तम आशीर्वाद, तुला नको असले तरी.

जन्मभर मला अरे-तुरे केलंस आणि आता 'तुम्ही' आठवलं. ठीक आहे, उशिरा का होईना वळण लागलं.

सही कोणी केली यावर मी एक अक्षर लिहिणार नाही. बँकेत चौतीस वर्षं सह्या जुळवण्याच्या टेबलावर काढली आहेत, कागदावर काय लिहू नये एवढं मला कळतं. फक्त आठवण देतो, बाबा गेले तेव्हा तू चौथीत होतीस. तुझ्या प्रगतिपुस्तकावर त्यांची सही त्यानंतरही कित्येक वर्षं होत राहिली. तेव्हा तुझी काही तक्रार नव्हती.

जुलैत तू शाळेच्या जिन्यावरून पडलीस, ते घरी सांगितलं नाहीस. मला पालकांकडून कळलं. त्यांनी हेही ऐकवलं, की मॅडम का हाथ आधे बोर्ड तक भी नहीं जाता, मागच्या बाकांवरची मुलं उभी राहून उतरवून घेतात. उद्या समितीने तुला काढायचा ठराव केला असता, तर सचिव म्हणून तो मलाच लिहावा लागला असता. त्यापेक्षा नारळ घेऊन मानाने बाहेर पडणं काय वाईट? तुला फरशीवरून उचलून आणल्याची बातमी मला कोणी द्यावी, हे मला नको आहे. यात तुला अपमान दिसत असेल तर दिसू दे.

चादर मी निवडली होती. तुला लाल आवडत नाही म्हणून निळी.

हट्ट कमी आणि औषध वेळेवर घ्यावं.
भय्यासाहेब


वरचा मजला
२१ ऑगस्ट २०२४

श्री. भय्यासाहेब पागे यांस
नमस्कार लिहायची इच्छा नाही, पत्राला सुरुवात हवी म्हणून लिहिला.

अभिनंदन. तुम्ही जिंकलात.

काल मी समितीच्या अध्यक्षांकडे, बापूंकडे गेले. राजीनामा माझा नाही असं लिहून दिलं. बापू भला माणूस. त्यांनी माझं सर्व्हिस बुक मागवलं आणि मला कोऱ्या कागदावर तीन वेळा सही करायला सांगितली. मी केली. पहिली ओळीच्या खाली उतरली, दुसरीतला 'गे' निसटला, तिसऱ्या वेळी पेनच पडलं. मग त्यांनी सगळे कागद शेजारी शेजारी ठेवले. सर्व्हिस बुकातली सही आणि राजीनाम्यावरची सही अगदी तंतोतंत. माझी मात्र जुळत नाही.

बापूंनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, की बाई, अर्जावर सही तो आपकी ही है, आता दुःखाच्या भरात तुम्हाला आठवत नसेल. म्हणजे माझं डोकंही गेलं असा त्यांनी अर्थ लावला. मी तिथे माझीच सही करून खोटी ठरले आणि तुम्ही घरी बसून खरे ठरलात.

मला अक्षर तुम्ही शिकवलंत. पाटीवर माझी मूठ धरून, 'ज'चं पोट नीट आलं नाही की टपली मारून. लोक म्हणायचे, दोघांचं अक्षर ओळखू येत नाही. मला त्याचा केवढा अभिमान होता. आता आजाराने माझा हात नेला, आणि उरलेली माझी सही तुम्ही नेलीत. आजाराला निदान मी दिसत तरी नाही, तुम्हाला दिसत होते.

मी फळ्याच्या खालच्या अर्ध्यात लिहीत होते, खरं आहे. मुलं उभी राहायची, हेही खरं. पण त्यामुळे माझ्या वर्गात कोणी झोपत नव्हतं. आता त्यांच्या तासाला कोणीच जात नाही. भूमिती अर्धी राहिली आहे. मी खिडकीत बसून शाळेची घंटा ऐकते.

पुन्हा काही लिहू नये. चटणीही नको.
जयश्री पागे


खालचा मजला
२५ ऑगस्ट २०२४

चि. जयू
आशीर्वाद.

यांना न सांगता लिहिते आहे. मी तुम्हा दोघांचा डबा पोचवते, भांडण पोचवायचं माझं वय राहिलं नाही. तू जेवण परत पाठवतेस, हे ताटावरून उठतात. मी स्वयंपाक कोणासाठी करते ते एकदा मला कळवा.

एक गोष्ट सांगायची होती. तुझं मागचं पत्र आल्यापासून हे सकाळी पेपर वाचत नाहीत. तुझ्या पत्राखालची सही समोर ठेवून पेपरच्या कोऱ्या कडेवर तशीच काढायला बसतात. तुझी हल्लीची, वाकडी. चार दिवसांच्या पेपरांच्या कडा भरल्या. एकही जमलेली नाही. काल मला म्हणाले की सुलू, उभ्या नोकरीत अशी सही पाहिली नाही, हिची नक्कल होत नाही. आणि चष्मा पुसत बसले.

मी त्यांची बाजू घेत नाही. त्यांनी केलं ते वाईटच केलं, आणि मी ते त्यांच्या तोंडावर सांगितलं आहे. पण तू जेव. रागाला ताकद लागते.

तुझी
सुलूवहिनी


खालचा मजला
४ सप्टेंबर २०२४

चि. जयू हिस
आशीर्वाद. परत पाठवू नयेत.

काल समितीपुढे लेखी दिलं. नक्कल सोबत आहे. मजकूर असा: 'कु. जयश्री पागे यांच्या राजीनाम्यावरील सही त्यांची नसून मी, त्यांच्या संमतीवाचून, केलेली आहे. जुळणारी सही खोटी आहे आणि न जुळणारी खरी आहे.' मी आयुष्यात असं वाक्य लिहीन असं वाटलं नव्हतं.

सचिवपद गेलं. बापू म्हणाले की भय्यासाहेब, आपसे ये उम्मीद नहीं थी. पोलिसांत देत नाहीत हे उपकार. देवास गेटला पूर्वीचे सहकारी भेटले, त्यांनी रस्त्याची बाजू बदलली.

मी माफी मागत नाही. तू घरी बसावंस असं माझं आजही मत आहे. पण मत माझं आणि सही तुझी, हे दोन कागद वेगळे ठेवायला हवे होते. एवढं बँकेतल्या नव्या कारकुनालाही कळतं.

तुला परीक्षेपर्यंत परत घेतलं आहे. वर्ग तळमजल्यावर देतील. अट एक, फळ्यावर लिहायला तू तुझा माणूस आणायचास. असा माणूस मिळणार नाही असा त्यांचा हिशोब असावा. सोमवारी, गणपती बसल्यावर, मी साडेनऊला फाटकाशी रिक्षा घेऊन उभा राहीन. बोलली नाहीस तरी चालेल. गणित सांग, मी लिहीन.

भय्यासाहेब


वरचा मजला
२८ सप्टेंबर २०२४

श्री. भय्यासाहेब पागे, फळा-लेखनिक, यांस
सा. न. वि. वि.

तीन आठवडे तुमचं काम पाहिलं. नापसंत आहे.

तुम्ही मला न विचारता पायऱ्या गाळता. उत्तर तुम्हाला आधी कळतं हे मुलांना दाखवायची गरज नाही. मी सांगेन तेवढंच आणि मी सांगेन तेव्हाच लिहावं. काल अपूर्वाने शंका विचारली तेव्हा तुम्ही परस्पर उत्तर दिलंत. माझी जीभ जड झाली आहे, बंद नाही. मी वाक्य पुरं करेपर्यंत सगळा वर्ग थांबतो, तुम्हीही थांबायचं. मुलांना बँकेच्या गोष्टी सांगू नयेत. त्या त्यांना आवडतात, म्हणूनच सांगू नयेत.

अबोला कायम आहे. वर्गात बोलले ते गणित होतं.

अक्षराबद्दल मात्र तक्रार नाही. मागच्या बाकावरच्या अनयने विचारलं, की मॅडम, हे तुमचंच अक्षर आहे ना? मी हो म्हटलं.

चटणी पाठवायला हरकत नाही.
ज. पागे


वरचा मजला
गुढीपाडवा, ३० मार्च २०२५

ती. भय्यासाहेब यांस
शिरसाष्टांग नमस्कार. पूर्ण लिही, 'शि. सा. न.' करून वाचवू नकोस.

हे पत्र तुलाच आहे आणि तूच लिहितो आहेस. माझा हात संपला, दुसरा लेखनिक मिळत नाही, त्यामुळे इलाज नाही. मी सांगेन ते सगळं लिहायचं. तुझ्याविरुद्ध असलं तरी.

लिही: तू माझ्याशी फार वाईट वागलास. लिहिलंस? पुन्हा लिही. तू माझ्याशी फार वाईट वागलास. मी ते विसरलेली नाही आणि विसरेन एवढा वेळही माझ्याकडे नाही.

पुढे लिही: सहा महिने तू रोज साडेनऊला फाटकाशी उभा होतास. ताप होता तेव्हासुद्धा. माझी चाकांची खुर्ची ढकलताना उंबऱ्यापाशी दर वेळी चुकतोस, पण आलास. अठ्ठावीस मुलांनी पेपर दिले. पेपर सोपा होता, अशी त्यांनी मला येऊन फुशारकी मारली. माझ्या मुलांना सोपा गेला, असं मी समजते.

आता कामाचं. परवा नवीन सत्र सुरू होतं. या पत्रासोबत समितीला अर्ज लिहायचा आहे, की पुढचं वर्षही मी दहावीला शिकवेन. आवाज राहील तोवर बोलून, मग मॉनिटरवर डोळ्यांनी अक्षरं निवडून, माझी जुनी विद्यार्थिनी ऋता इंदूरहून ते यंत्र आणून देणार आहे. आणि फळ्यावर माझा माणूस लिहील. त्याचं नाव घाल. त्याला विचारलेलं नाही. त्यानेही मला विचारलं नव्हतं.

तू आत्ता मान हलवून सांगतो आहेस की अशा वेळी नियमाने अंगठा घेतात, दोन साक्षीदारांसमोर. मी गणिताची बाई आहे, अंगठा लावणार नाही.

सही तूच कर. तुला येते. या वेळी मी सांगते आहे.

तुझ्यावर लोभ आहे. रागही आहे. दोन्ही चालू ठेवावेत ही विनंती.

जयू

ता. क. पत्राखालची आणि अर्जावरची, दोन्ही सह्या माझ्या हातच्या, तिच्या सांगण्यावरून. मी तिची जुनी सरळ सही करायला घेतली होती. हाताने काढली ती हल्लीची, ओळीच्या खाली उतरलेली. तिने पाहिली आणि म्हणाली, जुळते.
— भय्यासाहेब