आखूड दांडी

३ फेब्रुवारी

ती. अप्पांच्या पायाशी चिंगीचा वाकून नमस्कार.

वि. वि. आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे जसे असू तसे. मनोऱ्यावरचं घड्याळ दुरुस्त करताना हे शिडीवरून पडले, त्याला आता वर्ष होईल. कमरेखाली जाणीव नाही, पण हात आणि डोळे शाबूत आहेत. गिऱ्हाइकांची घड्याळं पलंगावर बसूनच दुरुस्त करतात.

आता नवीन खूळ निघालंय. खोलीच्या चारही भिंतींना फळ्या ठोकून घेतल्या, दारात ये-जा करताना उचलून ठेवायची एक फळी केली, आणि त्यावर छोटी आगगाडी बसवली. डबे ह्यांनी स्वतः केलेत, पितळी पत्रा कापून. खिडक्यांना काचा, आत बाकं, एका बाकावर छत्री विसरलेली! पण खोली अरुंद, त्यामुळे वळणं फार आवळलेली. सरळ रुळावर गाडी झोकात जाते आणि कोपरा आला की डबे एकमेकांना ओढून घसरतात. दोष कपलिंगचा असावा, डब्याला डबा जोडणाऱ्या त्या आकड्याचा. तुम्ही वर्कशॉपात जन्मभर खरे डबे जोडलेत, आता छोट्या गाड्यांचा क्लब चालवता. लग्नाला आला नाहीत, त्यानंतर ह्यांच्याशी एक शब्द बोलला नाहीत, ते घटकाभर बाजूला ठेवा आणि उपाय कळवा. ह्यांना न सांगता लिहितेय.

लोभ आहे असं धरून चालते. तो राहू द्या.

तुमची चिंगी

११ फेब्रुवारी

चि. चिंगीस भरघोस आशीर्वाद.

पत्र पोचलं. इतका हसलो की शेजारचे मास्तर डोकावले. त्यांना सांगितलं, आमचे जावईबापू अंथरुणातून रेल्वे चालवतात. तेही हसले.

माझ्या क्लबातलं वळण असं असतं की गाडी वळली हे बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही. ज्याच्याकडे जागा नाही त्याने पोपट पाळावा. पण विचारलंस म्हणून सांगतो. कपलिंगची दांडी अर्धी कापा. डबे एकमेकांना चिकटून राहिले म्हणजे भरकटणार नाहीत. आकडा हलत असेल तर सरस लावून घट्ट बसवा. आणि सगळ्या डब्यांचं एकदम करा. एकेक करून बघत बसणं हा घड्याळवाल्यांचा स्वभाव. त्याला सांग, सासऱ्याने स्वतः सांगितलंय.

माझी माया आटलेली नाही, फक्त ती जावयापर्यंत पोचत नाही.

अप्पा

२ मार्च

ती. अप्पांना नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांच्यापासून लपवता आलं नाही. पोपटाचं गाळून उपाय तेवढा वाचून दाखवला. हे इतके खूश झाले की काय सांगू! अप्पांनी लक्ष घातलं, अप्पांनी लक्ष घातलं, हेच दिवसभर. मी म्हटलं, आधी एका डब्यावर करून बघा. तर म्हणाले, ज्यांनी जन्मभर हेच केलं त्यांना तपासणारा मी कोण? सगळ्या दांड्या कापल्या, सरस लावून पक्क्या केल्या.

पहिल्याच वळणावर डब्यांचे कोपरे एकमेकांवर आदळले. मधला डबा उचलला गेला आणि त्याने बाकीचे ओढले. अख्खी गाडी फरशीवर. मी मागे कपडे वाळत घालत होते. धावत येईपर्यंत डबे उचलायला हे वाकले होते आणि तोल जाऊन पलंगावरून खाली पडले होते. उजवं मनगट मोडलं. डॉक्टर म्हणतात, हाड जुळेल, पण बारीक कामाचं विसरा.

अप्पा, लिहिताना तुमच्याकडून काही चुकलं का? तेवढंच कळवा.

तुमची चिंगी

९ मार्च

चि. चिंगीस आशीर्वाद.

चुकलं? माझ्याकडून? अगं, वळण आवळलं की दांडी लांब आणि मोकळी लागते, हे नव्या शिकाऊलाही कळतं. मला बघायचं होतं, तू ज्याच्यासाठी माझं घर सोडलंस त्याला स्वतःची अक्कल आहे का. बघितलं. मनगटाचं ऐकून वाईट वाटलं, पण वाकायला मी सांगितलं नव्हतं.

आता खरं ऐक. दांडी मूळच्यापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढी लांब करा. ती ज्या खोबणीत बसते तिच्या दोन्ही बाजू कानशीने घासून रुंद करा, म्हणजे आकडा दोन्हीकडे झुलेल. मागे बारीक स्प्रिंग घाला, सरळ रुळावर तो आपोआप मधे येईल. तरीही अडलं तर आकडा डब्याच्या तळावरून काढून खालच्या चाकांच्या फिरत्या चौकटीवरच बसवा. चाकं वळतील तसा तोही वळेल. हे सगळं करायला धड हात लागतात, ते आता तुझेच.

कंटाळलीस की निघून ये. त्याला आणू नकोस.

अप्पा

४ एप्रिल

तीर्थरूप अप्पांना साष्टांग, अर्थात मनाने. शरीर ऐकत नाही.

डाव्या हाताने लिहितोय, अक्षर चालवून घ्या. तुमचं दुसरं पत्र आल्याचं हिने सांगितलं आणि उपाय वाचून दाखवला. तेव्हाच माझ्या लक्षात आलं, पहिल्या वेळी घाईत सगळं उलटं उतरलं असणार. असं होतं हो. मीही एका बाईंच्या घड्याळाला मिनिटाच्या जागी तासाचा काटा लावून दिला होता, त्या बिचाऱ्या भलत्याच वेळी लग्नाला पोचल्या. ही म्हणते, तुम्ही फार मनाला लावून घेतलंय. तसं करू नका.

मी सांगतो, ही घासते. सुरुवातीला खोबणी फुटल्या, हिची बोटं सोलली, माझ्यावर चिडचिड झाली. पण काल गाडी चारही कोपरे न घसरता फिरली! ही टाळ्या वाजवत होती.

एकदा या. तुमच्या हाताने गाडी सुटावी असं फार वाटतं.

आपला जावई

१५ एप्रिल

चि. चिंगीस आशीर्वाद.

त्याचं पत्र आलं. परत परत वाचलं. माणूस खुळा आहे की आपल्याहून शहाणा, काही कळेना.

इथलं कळवतो. क्लबाच्या मंडळींनी मला काढून टाकलं. माझं बोलणं सोसत नाही म्हणे. हॉलची किल्ली मागून घेतली. आता घरात बसून भिंती बघतो. मास्तरही हल्ली येत नाहीत.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी तिकडे येतोय. माझं हिरवं इंजिन आणतो, त्याच्या वळणावर चालतं का बघू. त्याला उत्तर लिहायला बसलो, पण जमेना. तू सांग त्याला. तुझ्या शब्दांत सांग.

अप्पा

२४ एप्रिल

अप्पा,

येऊ नका.

तुमचं पत्र ह्यांना दाखवलेलं नाही. रोज विचारतात, अप्पांचं काही आलं का. मी नाही म्हणते. काल स्वतःच म्हणाले, मोठा माणूस, क्लबाच्या व्यापात असतील. मी म्हटलं, असतील.

मनगट वाकडं जुळलंय. पाण्याचा पेला धरवत नाही, घड्याळं परत पाठवली. हे सगळं त्यांनी तुमची चूक समजून सोसलंय. तुम्ही इथे आलात की बोलता बोलता हसून सांगून टाकाल, चूक कसली, मुद्दाम केलं. म्हणून मी पहिल्यांदा खोटं बोलले.

पण नंतर त्यात मला गोडी लागली, हेही सांगते. तुम्ही भिंती बघत बसलाय, पोस्टमनची वाट पाहताय, हे डोळ्यांसमोर आणते आणि बरं वाटतं. ह्यांच्याकडे बघून कधी गलबलतं, तरी पत्र दडवूनच ठेवते.

तरीही त्या रविवारी आलात तर दार मी उघडेन. पलंगावरून ह्यांना दार दिसत नाही. कोण होतं असं त्यांनी विचारलं, तर सांगेन, कुणी म्हातारा होता, पत्ता चुकला होता.

लोभ असावा असं आता म्हणत नाही.

चिंगी